आज्ञापालन संपते, मान संपत नाही

वाचनभाग : निर्गम २०:१२, मार्क ७:९-१३, इफिस ६:१-४, १ तीमथ्य ५:४-८





हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बऱ्याच पाड्यांवरची घरे बंद झालेली असतील. दिवाळी सरली की धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसे ऊसतोडीला निघतात आणि जव्हार-मोखाड्याकडची वीटभट्टीवर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे नवरा-बायकोचा कोयता गाडीत बसतो. धाकटी लेकरे बरोबर जातात, थोरली आश्रमशाळेत राहतात. पाड्यावर मागे उरतात ती म्हातारी माणसे. कोणाला दिसत नाही, कोणाचे गुडघे गेलेले, कोणाच्या घरात पाणी भरायलाही दुसरे माणूस नाही. म्हणून या वेळच्या अभ्यासासाठी आपण दहा आज्ञांमधली पाचवी आज्ञा घेतली आहे. आईबापांचा मान राखावा, असे देवाने सांगितले आहे. हा मान नेमका काय असतो, तो कोणी द्यायचा आणि कधीपर्यंत द्यायचा, हे आपण वचनाच्या उजेडात पाहू या.

१. ही आज्ञा कोणाला दिली?

रविवारच्या शाळेत ही आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्यामुळे ती लहान मुलांसाठीच आहे, असे आपल्या मनात बसून गेले आहे. पण सीनाय पर्वताच्या पायथ्याशी कोण उभे होते ते पाहा. मिसरातून निघालेली सगळी प्रजा तिथे होती. खून करू नका, व्यभिचार करू नका, शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नका, या आज्ञा काही लेकरांना सांगायच्या नव्हत्या. त्या कर्त्या माणसांना सांगितल्या होत्या, आणि त्यांच्याच बरोबरीने ही आज्ञाही सांगितली. म्हणजे ज्याच्या हातात आता घर आहे, ज्याच्या मजुरीवर चूल पेटते, त्याला देव म्हणतो की ज्यांच्या हातात काल घर होते त्यांचा मान राख.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. निर्गमात बापाचे नाव आधी आहे, पण लेवीय १९:३ मध्ये आईचे नाव आधी घेतले आहे. दोघांना सारखाच मान आहे. घरात बापाचा धाक आहे म्हणून त्याचे ऐकायचे आणि आईला उलट बोलायचे, हे वचनात बसत नाही.

पौल इफिसच्या मंडळीला लिहितो की अभिवचन जोडलेली ही पहिली आज्ञा आहे. देशात दीर्घकाळ राहणे आणि कल्याण होणे हे ते अभिवचन आहे. थोडा विचार केला तर यातला व्यवहारही कळतो. ज्या गावात म्हाताऱ्यांना सांभाळले जाते, त्या गावात आजचा तरुणही उद्या निर्धास्त म्हातारा होतो. आपण आईबापांशी कसे वागतो हे आपली लेकरे रोज पाहत असतात.

२. मान म्हणजे वजन

मूळ इब्री भाषेत मान देण्यासाठी जो शब्द वापरला आहे, त्याचे मूळ जड किंवा वजनदार या अर्थाचे आहे. आपण मराठीतही म्हणतो की अमक्याच्या शब्दाला वजन आहे. आईबापांना मान देणे म्हणजे त्यांचे वजन ओळखणे. याच्या उलट जो शब्द आहे तो हलके करणे या अर्थाचा आहे. अनुवाद २७:१६ मध्ये आईबापांना हलके लेखणाऱ्यावर शाप सांगितला आहे.

आठवडे बाजारात मोह, चारोळी विकायला नेली की काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. माल तोच असतो, पण तराजू खोटा असला की तो हलका भरतो. मालात काही कमी नसते, खोट तराजूत असते. तसेच, शिकल्यावर, शहर पाहिल्यावर, हाती पगार आल्यावर आपल्याला आईबाप हलके वाटू लागले, तर त्यांच्यात काही कमी झालेले नाही. आपला तराजू बिघडला आहे.

आता वयाप्रमाणे हा मान कसा द्यायचा ते पाहू.

३. लहानपणी : ऐकणे

लेकराने दिलेला मान म्हणजे आज्ञापालन. इफिस ६:१ मध्ये पौलाने मुलांना सरळ तेच सांगितले आहे. लूक २:५१ मध्ये आपण वाचतो की बारा वर्षांचा येशू मंदिरात शास्त्रज्ञांना प्रश्न विचारून सर्वांना थक्क करतो, आणि मग आईबापांबरोबर नासरेथला परत येऊन त्यांच्या आज्ञेत राहतो. ज्ञानाने तो त्या दोघांच्या पुढे होता. तरीही त्याने घरी जाऊन ऐकले.

हे आश्रमशाळेतल्या आपल्या मुलामुलींसाठी फार मोलाचे आहे. तुम्हाला वाचता येते, आईला येत नाही. तुम्ही मोबाइल चालवता, बापाला नंबर लावता येत नाही. म्हणून बापाच्या सांगण्याला किंमत नाही, असे होत नाही. गुरे वळवून आण म्हटले तर आणावी. रात्री नदीकडे जाऊ नको म्हटले तर जाऊ नये. त्या सांगण्यामागे पन्नास पावसाळ्यांचा अनुभव आहे.

पण पौलाने एक शब्द जोडला आहे : प्रभूमध्ये. इथे आज्ञापालनाची मर्यादा आहे. आईबापांनी चोरी करायला सांगितली, दारू गाळायला बसवले, तर मुलाने नम्रपणे नाही म्हणावे. मुलगी अठरा वर्षांची होण्याआधी किंवा मुलगा एकवीस वर्षांचा होण्याआधी लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याप्रमाणे बालविवाह आहे. ते नाकारणारी मुलगी आईबापांचा अपमान करत नाही. तसेच घरात मारहाण होत असेल, कोणी अंगाला वाईट हात लावत असेल, तर ते झाकून ठेवणे म्हणजे मान देणे नव्हे. शिक्षकांना सांगा, पाळकांना सांगा, किंवा १०९८ या क्रमांकावर फोन करा. देवाने ही आज्ञा लेकराचे तोंड बंद करण्यासाठी दिलेली नाही.

४. तरुणपणी : लाज न बाळगणे

तरुण वयात आज्ञापालनाचे रूप बदलते. लग्न झाल्यावर माणूस आईबापांना सोडून आपल्या पत्नीला जडून राहील, असे उत्पत्ती २:२४ मध्येच सांगितले आहे. नोकरी कुठे करायची, घर कसे चालवायचे, हे निर्णय आता तरुणांचे असतात. ऐकण्याचा भाग कमी होतो, मान मात्र तेवढाच राहतो. या वयात त्याची खरी कसोटी लाजेच्या ठिकाणी लागते.

योसेफाची गोष्ट आपण पुष्कळदा सांगतो, पण तिचा एक भाग सहसा राहून जातो. योसेफ मिसर देशात फारोच्या खालोखाल अधिकारी झाला होता. त्याचा बाप याकोब मेंढपाळ होता, आणि मिसरी लोकांना मेंढपाळांचा तिटकारा होता, असे उत्पत्ती ४६:३४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. म्हातारा बाप धुळीने भरलेला, परक्या भाषेचा, गाडीत बसून येत आहे. योसेफ त्याला गोशेन प्रांतात गुपचूप ठेवू शकला असता. पण तो स्वतःचा रथ जुंपून त्याला सामोरा गेला, बापाच्या गळ्यात पडून रडला आणि त्याला हाताला धरून राजासमोर उभे केले. मग त्या एकशेतीस वर्षांच्या मेंढपाळाने राजाला आशीर्वाद दिला.

आज आपल्यातला एखादा मुलगा तालुक्याला शिक्षक होतो, एखादी मुलगी परिचारिका होते. घरी आईबाप भिलोरी, मावची किंवा वारली बोलतात. कुणी साहेब भेटायला आले की आईला आत बसवले जाते. मित्रांसमोर तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला जीभ अडखळते. बँकेत बापाने अंगठा लावला की मुलगा मान फिरवतो. हे बोल कडू वाटतील, पण हलके करणे म्हणजे हेच. जो अंगठा आज कागदावर लागतो, त्यानेच आपल्या वह्या-पुस्तकांसाठी मजुरी केली आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या शब्दाला सरकारनेही वजन दिले आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्याच्या नियमांप्रमाणे दाव्याचा पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचे जबाब लिहून घेता येतात. दावेदार सोडून इतर वृद्धांचे हे जबाब असतात. कोणत्या नाल्यापासून कोणत्या खडकापर्यंत कोणाची जमीन होती, हे ज्या म्हाताऱ्याला आठवते, तो लिहायला शिकलेला नसला तरी त्याचे बोलणे पुरावा ठरते. मग घरातल्या शिकलेल्या मुलाने त्याच्याजवळ बसून ते ऐकायला नको का?

५. आईबापांचा विश्वास वेगळा असेल तर

आपल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळ जण घरातले पहिलेच विश्वासणारे आहेत. आईबाप पूर्वजांच्या रीतीप्रमाणे चालतात. इथे दोन्ही बाजूंनी दुखते. आईबापांना वाटते की पोराने आम्हाला टाकले. पोराला वाटते की आईबापांपेक्षा माझ्यावर अधिक प्रीती करा, असे प्रभूने मत्तय १०:३७ मध्ये सांगितले आहे, मग मी आणखी काय करू?

प्रभूचे ते वचन खरे आहे. जिथे देवाची आज्ञा आणि आईबापांची आज्ञा एकमेकींसमोर उभ्या राहतात, तिथे देवाचे ऐकावे. पण अशा जागा आपण समजतो त्यापेक्षा फार थोड्या असतात. निर्गमाचा विसावा अध्याय वाचण्यापूर्वी अठरावा वाचा. मोशे इस्राएलाचा पुढारी होता आणि देवाशी बोलणारा होता. त्याचा सासरा इथ्रो हा मिद्यानाचा याजक होता. तो भेटायला आला तेव्हा मोशे तंबूबाहेर आला, त्याला नमन केले, त्याचे चुंबन घेतले, ख्यालीखुशाली विचारली. दुसऱ्या दिवशी इथ्रोने कामाची वाटणी कशी करावी ते सांगितले आणि मोशेने ते सगळे मानले. दुसऱ्या प्रजेतून आलेला हा वडीलधारा माणूस, पण मोशेला त्याच्यासमोर वाकायला कमीपणा वाटला नाही. आणि त्यानंतर दोनच अध्यायांनी आईबापांच्या मानाची आज्ञा येते.

म्हणून पहिल्या पिढीच्या विश्वासणाऱ्यांना आमची विनंती आहे. आईबाप ज्याला देव मानतात त्याविषयी वाईट बोलू नका. असे बोलणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. पूजेत भाग घेता येत नसेल तर शांतपणे सांगा, पण त्याच दिवशी घरचे पाणी भरा, लाकडे फोडा, पाहुण्यांना वाढा. घरात मृत्यू झाला तर सर्वांत आधी पोहोचा. खांदा द्या, सरपण आणा, आईजवळ बसून राहा, खर्चाचा वाटा उचला. ज्या एका विधीत मन मानत नाही तेवढ्यापुरतेच बाजूला उभे राहा. विश्वासात आल्यापासून मुलगा पीत नाही, पगार घरी आणतो, आईला उलट बोलत नाही, एवढे दिसले तर आईबापांच्या मनातली अर्धी भीती जाते.

पूर्वजांचे सगळेच टाकायचे असते, असेही नाही. यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायात रेखाबी लोकांची हकिकत आहे. ते तंबूत राहणारे लोक होते. त्यांचा पूर्वज योनादाब याने त्यांना द्राक्षारस न पिण्याची आज्ञा दिली होती. दोनशेहून अधिक वर्षांनी संदेष्ट्याने मंदिराच्या खोलीत त्यांच्यासमोर द्राक्षारसाचे प्याले ठेवले, तेव्हाही ते प्यायले नाहीत. देवाने त्यांचे उदाहरण सगळ्या यरुशलेमेसमोर ठेवले. आपल्या वाडवडिलांनीही बियाणे राखायला, गरजेपुरतेच तोडायला, एकमेकांच्या शेतात लाह्यापाह्याला जायला शिकवले आहे. हे जपणे हाही त्यांचा मान आहे.

६. कर्तेपणी : भाकर

आता या अभ्यासाचा मुख्य भाग. मार्क ७ मध्ये प्रभू येशू परूशी व शास्त्री यांना एका गोष्टीवरून कडक बोलतो. त्या काळी माणूस आपल्या मालमत्तेला कुर्बान म्हणजे देवाला अर्पिलेली असे म्हणू शकत होता. मग आईबापांनी मदत मागितली की तो सांगे, हे तर देवाचे झाले आहे, तुम्हाला देता येत नाही. बोलणे धार्मिक होते, पण म्हातारे उपाशी राहत होते. अशा रीतीने तुम्ही देवाचे वचन रद्द करता, असे प्रभूने त्यांना सुनावले. पाचव्या आज्ञेचा अर्थ इथे प्रभूनेच उलगडून दाखवला आहे. मान म्हणजे नुसते पाया पडणे नव्हे. मानात भाकर आली, औषध आले, पांघरूण आले.

हे वचन आपल्यालाही लागू आहे. एखादा भाऊ दर महिन्याला दशांश देतो, अधिवेशनाला वेगळे अर्पण देतो, आणि त्याची आई मोतीबिंदूमुळे भिंत चाचपत चालते. एखादा सेवक दहा गावांत प्रार्थनेला जातो, पण वर्षभर स्वतःच्या बापाच्या पाड्यावर गेलेला नाही, कारण तो सेवेत आहे. आईबापांच्या ताटातून काढलेले अर्पण पेटीत पडले, तर मंडळीने ते आनंदाने घेऊ नये. पाळकांनी अशा माणसाला एकीकडे बोलावून प्रेमाने सांगावे : भाऊ, आधी आईचा डोळा दाखव. १ तीमथ्य ५:४ मध्ये पौलाने हाच क्रम लावला आहे. मुलांनी व नातवंडांनी आपल्या घरापासून भक्तीला सुरुवात करावी आणि आईबापांचे उपकार फेडावेत. आठव्या वचनात तर तो म्हणतो की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट आहे.

कोणी म्हणेल, आमच्याच हाताला काम नाही, आम्ही काय देणार? दावीदाकडे पाहा. शौल राजा त्याच्या जिवावर उठला होता आणि तो गुहेत लपत फिरत होता. हाती ना घर ना शेत. त्या पळापळीत तो मवाबाच्या राजाकडे गेला आणि आपले आईबाप काही काळ त्याच्या आश्रयाला ठेवले (१ शमुवेल २२:३-४). त्याला आईबापांबरोबर राहता येत नव्हते, पण त्यांची सोय लावल्याशिवाय तो पुढे गेला नाही. स्थलांतराला जाणाऱ्या प्रत्येक घराने ही दोन वचने वाचून मग गाडीत बसावे.

आणि वधस्तंभावरच्या प्रभूला आठवा. श्वास घ्यायला त्रास होत असताना त्याने आईकडे पाहिले आणि तिला आपल्या प्रिय शिष्याच्या हवाली केले (योहान १९:२६-२७). जगाच्या तारणाचे काम पूर्ण होत होते, तरी आई कोणाच्या घरी राहील हा प्रश्न त्याला लहान वाटला नाही.

ही आज्ञा मुलग्यांपुरती नाही. रूथ ही मवाबी सून होती. तिने नामीसाठी शेतात सरवा वेचला आणि आपले पोट भरल्यावर उरलेले सासूसाठी घरी नेले. म्हणून सुनेने सासूला जपावे. त्याचप्रमाणे लेकीने माहेरच्या म्हाताऱ्यांना शंभर-दोनशे रुपये पाठवले तर सासरच्यांनी कुरकुर करू नये. तिलाही तीच आज्ञा आहे.

७. आईबापांना दोन शब्द

इफिस ६:४ मध्ये बापांनाही सांगितले आहे की मुलांना चिडीस आणू नका. कलस्सै ३:२१ मध्ये त्याचे कारण आहे : ती खचून जातील. मुलाची कमाई दारूत घालवून त्याच्याकडून मान मागू नये. मुलीची शाळा सोडवून तिला धाकट्यांमागे बसवू नये. मान मागून मिळत नाही, पण आईबापांच्या वागण्याने तो देणे सोपे होते.

घरोघरी करता येईल असे

कामाला निघण्यापूर्वी म्हाताऱ्यांसाठी धान्य, मीठ, तेल व औषध किती दिवस पुरेल ते मोजून ठेवा. शेजारच्या एका घराला किंवा मंडळीतल्या एका कुटुंबाला त्यांच्याकडे रोज डोकावायला सांगा आणि तुमचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत भिंतीवर लिहा.

आईबापांचे वय ६५ पूर्ण असेल आणि त्यांना आधार नसेल तर श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. शिकलेल्या मुलांनी सुट्टीत हा अर्ज भरून द्यावा, आधार कार्ड व बँकेचे खाते पाहून घ्यावे.

ज्या म्हाताऱ्यांना मुलांनी टाकले आहे, त्यांच्यासाठी २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे जातो. पण विश्वासणाऱ्याच्या आईला त्या दारात जावे लागले, तर ती सगळ्या मंडळीसाठी दुःखाची गोष्ट आहे.

कौटुंबिक प्रार्थनेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात कोणाच्या शब्दाला वजन आहे आणि कोणाच्या शब्दाला नाही? का?
२. आईबापांची भाषा चारचौघांत बोलायला आपल्याला संकोच वाटतो का?
३. देवाच्या कामाचे नाव सांगून आपण घरची कोणती जबाबदारी टाळत आहोत का?
४. आपल्या पाड्यावर या हंगामात एकटे राहिलेले म्हातारे कोण कोण आहेत? त्यांच्याकडे कोण जाईल?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, ज्यांच्या हातून तू आम्हाला वाढवलेस, त्यांना आम्ही हलके लेखू नये म्हणून आमची मने नीट कर. दूर कामावर असलेल्यांना सांभाळ आणि घरी थांबलेल्या वृद्धांना आमच्या हातून भाकर दे. ज्यांचे आईबाप अजून तुला ओळखत नाहीत, त्यांच्या वागण्यातून तुझी प्रीती त्यांना दिसो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.